चढावर वॅट कुठे जातात?

पुण्यात सपाट रस्ता हवा असेल तर नदीकाठ धरावा लागतो. बाकी कोथरूडची महात्मा सोसायटी घ्या, बावधनच्या आतल्या गल्ल्या घ्या, सहकारनगरातून तळजईकडे जाणारा रस्ता घ्या किंवा एनआयबीएम-उंड्रीचा पट्टा घ्या, सकाळी सायकल काढली की थोड्याच वेळात चढ पुढ्यात येतो. याचं मूळ पायाखालच्या खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. टणक बेसॉल्ट टिकून राहिला, त्यामधले मऊ, सच्छिद्र थर झिजत गेले आणि टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या झाल्या. त्यांच्या अंगावरून काढलेले रस्तेही तसेच: थोडा उभा चढ, मग जरा सपाटी, पुन्हा उभा चढ. मोबाइलवरचं ॲप ‘सरासरी ४ टक्के’ म्हणतं, पण दम निघतो तो मधल्या ९ टक्क्यांच्या तुकड्यावर. सरावाची आखणी करायची तर हा तुकडा धरून करावी.

६ टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ६ मीटर वर. कोनात मोजला तर जेमतेम साडेतीन अंश. ऐकायला किरकोळ वाटतं, पायांना तसं वाटत नाही. चढाचा आकडा बघताना एक लक्षात ठेवा: नुसत्या जीपीएसवरून काढलेली उंची बरीच चुकते. हवेचा दाब मोजणारा सेन्सर असलेलं घड्याळ किंवा सायकल कॉम्प्युटर जास्त भरवशाचा. पुण्याच्या उंचीवर साधारण ९ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो, आणि एवढा फरक हे सेन्सर सहज पकडतात.

आता हिशोब. स्वार, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून ८५ किलो धरू. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी २५ किलोमीटरने जायला पेडलवर सुमारे ११० वॅट, म्हणजे दर सेकंदाला ११० ज्यूल ऊर्जा, लागतात. त्यातला मोठा वाटा हवा बाजूला सारण्यात जातो, उरलेला टायरच्या घर्षणात. आता ६ टक्के चढावर ताशी फक्त १० किलोमीटरने चला. लागतात १६० वॅट! त्यातले १४० निव्वळ वजन वर उचलण्यात खर्च होतात, हवेचा वाटा ५ वॅटसुद्धा नाही. तोच वेग ९ टक्क्यांवर टिकवायचा म्हटलं तर २३०. रोज फिरवणाऱ्या सर्वसाधारण माणसाला २३० वॅट दोनचार मिनिटं निघतात, पुढे नाही. १६० वॅटवरच राहायचं ठरवलं तर ९ टक्क्यांवर वेग ताशी ७ किलोमीटरवर येतो. तो येऊ द्यावा. चढ सुरू झाला की वेगाचा आकडा न बघितलेलाच बरा.

पण ताशी ७ किलोमीटरने जाताना पाय किती फिरतात? इथे गियर येतो. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला आणि पेडलजवळच्या पुढच्या चकतीला २८ आणि चाकावरच्या मागच्या चकतीलाही २८ दाते असले, तर पेडलची एक फेरी म्हणजे चाकाचीही एकच. मिनिटाला ५५ फेऱ्या पडतात आणि १७ सेंटिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) सरासरी १६ किलोंचा जोर लागतो. पुढची चेन ३८ दात्यांवरच राहिली तर फेऱ्या ४१ वर येतात आणि जोर २२ किलोंवर जातो. बिनगियरची सायकल, म्हणजे पुढे ४४ आणि मागे १८, घेऊन तोच चढ चढायला गेलात तर मिनिटाला २३ फेऱ्या आणि सरासरी ३९ किलो. सरासरी, बरं का! पेडल पुढे आडवं येतं त्या क्षणी जोर दीडपट ते दुप्पट होतो, म्हणजे अंगाचा सगळा भार एका पायावर. बिनगियरवाला सीटवरून उठतो तो हौसेने नव्हे.

वॅट तिन्हीकडे तेवढेच, पण गुडघ्याच्या वाटीमागे येणारा दाब जोराबरोबर वाढतो. चढावरून आल्यावर गुडघ्याची पुढची बाजू दुखत असेल तर आधी दोन गोष्टी तपासा: सीट फार खाली आहे का, आणि फेऱ्या ५० च्या खाली जातात का. मागे ३४ दात्यांपर्यंतचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) बसवलं तर त्याच चढावर फेऱ्या ६८ पर्यंत जातात आणि जोर १३ किलोंवर येतो. ते बसवताना मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ दाते पेलतो का ते विचारून घ्यावं, चेन दोनचार कड्यांनी लांब लागेल, आणि वरची छोटी पुली मोठ्या चकतीला घासत असेल तर बी-स्क्रू (ही पुली चकतीपासून दूर नेणारा स्क्रू) आवळावा लागेल. या कामावर खर्च केलेला पैसा हलक्या फ्रेमवर घातलेल्या पैशापेक्षा कितीतरी जास्त वसूल होतो. एक किलो वजन घटवल्याने दहा मिनिटांच्या चढावर वाचतात जेमतेम सात सेकंद.

गियर असूनही लोक अडकतात, कारण ते उशिरा बदलतात. चेन ताणलेली असताना पुढची चकती बदलायला गेलं की चेन एक तर सरकतच नाही, नाहीतर आतल्या बाजूला फ्रेमवर पडते. चढ दिसला, पाय अजून मोकळे फिरताहेत, तेव्हाच पुढची लहान चकती घ्यावी आणि मागचे एकेक गियर चढ उभा होईल तसे उतरवावेत. बदलताना अर्धी फेरी पाय हलका सोडायचा. तरीही चेन आत पडत असेल तर पुढच्या डिरेल्युअरचा ‘एल’ खुणेचा स्क्रू पाव फेरी आवळून बघा. जोर दिला की मागे ‘कटक्’ करून चेन दात्यावरून उडत असेल, तर चेन झिजलेली आहे. स्टीलच्या पट्टीने मोजा. नव्या चेनचे बारा पूर्ण जोड, पिन ते पिन, बरोबर १२ इंच भरतात. एक षोडशांश इंच जास्त भरले की चेन बदलायची वेळ झाली. अष्टमांश जास्त भरले तर बहुधा फ्रीव्हीलही गेलं.

सरावासाठी तीनचार मिनिटं चालेल असा, सिग्नल नसलेला एकच चढ निवडावा. आधी पंधरा मिनिटं सपाटीवर पाय मोकळे करायचे, मग चार-पाच वेळा तोच चढ. पहिल्या चढाला तुटक का होईना बोलता आलं पाहिजे. शेवटच्या फेरीची वेळ पहिलीच्या जवळपास आली तर जोर बरोबर वाटलात. चढाचं पहिलं अर्धं मिनिट जलद आणि शेवटची दोन मिनिटं ओढत, असं झालं तर सुरुवातीलाच उधळलात.

शरीर अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग पेडलपर्यंत पोचवतं. १६० वॅट पेडलला मिळतात तेव्हा ५०० वॅटच्या आसपास उष्णता अंगात तयार होते. सपाटीवर वारा ती उडवून नेतो. चढावर वेग कमी, त्यामुळे वाराही नाही. सगळा भार घामावर येतो, आणि तो पूर्ण वाळला तरी तासाला पाऊण लिटरच्या आसपास लागतो. ऑक्टोबरच्या दमट सकाळी बराचसा घाम न वाळता नुसता ठिबकतो, म्हणजे पाणी गेलं आणि गारवाही मिळाला नाही. हिवाळ्यात उलटं. थंड हवा रात्री खोलगट भागात साचते. टेकडीवरून ओल्या अंगाने पाषाण किंवा बाणेरच्या नदीकडच्या बाजूला उतरलात तर हुडहुडी भरते. पातळ विंडचीटर खिशात असावा, आणि तो माथ्यावर घालावा, खाली पोचल्यावर नव्हे.

उतारावर, चढताना साठवलेली ऊर्जा परत द्यायची असते. ५० मीटर उतरताना ८५ किलोंचे सुमारे ४२ किलोज्यूल मोकळे होतात. एवढ्यात अर्धा कप पाणी उकळतं. वेग रोखून उतरलात तर त्यातला बहुतेक भाग रिम किंवा डिस्कमध्ये जातो, म्हणून ब्रेक सतत घासत ठेवू नये. जरा दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. कोरड्या रस्त्यावर, ८ टक्के उतारावर, ताशी ४० च्या वेगात ब्रेकवर बोटं जाईपर्यंत ११ मीटर जातात आणि थांबायला आणखी निदान १५ मीटर. बावधन-उंड्रीकडच्या उतारांवर पाण्याच्या टँकरमधून गळालेली ओली रेघ डाव्या बाजूने खाली आलेली असते, आणि बांधकामाच्या फाटकासमोर खडी नाहीतर मिक्सरमधून सांडलेली सिमेंटची पातळ चिकट साय. वेग त्याच्या आधी, सरळ रेषेत असतानाच कमी करायचा. त्यावर चाक असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही. रिम ब्रेक ओला झाला असेल तर चाक एकदोन फेऱ्या फिरून पाणी पुसलं जाईपर्यंत तो धरतच नाही. पावसाळ्यात माथ्यावरून निघाल्यावर, उतार तीव्र होण्याआधीच, दोन्ही ब्रेक हलके लावून पॅड पुसून घ्यावेत.