हायड्रॉलिक गेले तरी विमान हातात कसे राहते?

९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ सुरू झाला, तेव्हा मुंबईहून तिथे उतरलेले विमान एटीआर ७२ होते. सुमारे २३ टन वजनाच्या या पंख्याच्या विमानातली हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे तेलाच्या दाबावर भाग हलवणारी यंत्रणा, हवेत पूर्ण निकामी झाली तर काय होईल? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १९८५ चे जपानचे जम्बो येते. त्याच्या चारही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, सुकाणूच उरले नाही आणि ५२० माणसे गेली. एटीआरची गोष्ट मात्र मुळातच वेगळी आहे. त्यात वैमानिकाचा हात एलरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) आणि एलिव्हेटरपर्यंत (नाक वरखाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळ्या) पोचतो तो केबल आणि दांड्यांमधून, तेलाच्या दाबातून नव्हे.

त्यामुळे एटीआरच्या निळ्या आणि हिरव्या अशा दोन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, तरी विमान वळते आणि नाकही वरखाली होते. अडचण येते ती उतरताना. कमी वेगात पंखांना उचल देणारे फ्लॅप हलत नाहीत, ती उचल मोडणारे स्पॉयलर नाहीत, पुढचे चाक वळवता येत नाही. चाके स्वतःच्या वजनाने खाली सोडावी लागतात आणि ब्रेकसाठी साठवून ठेवलेल्या दाबावर भागवावे लागते. मात्र पंख्याच्या पात्यांचा कोन इंजिनाच्याच तेलावर बदलतो, म्हणून धावपट्टीवर उलटा जोर लावून वेग मारता येतो. लांब धावपट्टी गाठणे हे अशा वेळी वैमानिकाचे खरे काम.

ही रचना जुन्या वळणाची आहे. १९५० च्या दशकातल्या व्हायकाउंट विमानाचे सुकाणूही हातानेच चाले. मोठा पृष्ठभाग हलवायला त्याच्याच कडेला छोटी टॅब असे. टॅब एका बाजूला वळली की वारा तो पृष्ठभाग दुसऱ्या बाजूला ढकलतो, म्हणजे मेहनत हवाच करते. फोकर एफ-२७ मध्ये तर चाके आणि ब्रेकसुद्धा दाबलेल्या हवेवर चालत. इंडियन एअरलाइन्सने ही दोन्ही विमाने वापरली.

लॉकहीड इलेक्ट्राने १९५९ मध्ये वेगळी वाट घेतली. चार इंजिनांच्या या विमानात केबलला हायड्रॉलिक बूस्टची, म्हणजे हाताच्या जोराला तेलाच्या दाबाची, जोड होती आणि बूस्ट गेला तर तो सोडवून निव्वळ हाताच्या जोरावर उडवायची सोय होती. हायड्रॉलिक जाण्याची तयारी तर झाली होती. पण १७ सप्टेंबर १९६१ रोजी शिकागोहून उडालेले नॉर्थवेस्ट कंपनीचे इलेक्ट्रा उजवीकडे कलत गेले ते सावरलेच नाही. त्यातले सगळे ३७ जण गेले. एलरॉनचे बूस्ट युनिट बदलताना केबलच्या जोडाची सेफ्टी वायर पुन्हा बसवली गेली नव्हती आणि जोड हळूहळू सुटत गेला होता. तारेचा एवढासा तुकडा! मला हा अपघात या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो.

याच जातीच्या विमानाने ८ जून १९८३ रोजी दुसरे टोक दाखवले. अलास्कातल्या कोल्ड बेहून सिएटलकडे निघालेल्या रीव्ह अल्यूशन कंपनीच्या इलेक्ट्राचा उजवीकडचा बाहेरचा पंखा निखळला आणि विमानाचे पोट चिरत गेला. आतला हवेचा दाब गेला, फरशी दबली आणि खालच्या केबल जखडल्या. इंजिनांच्या जोराचे नियंत्रणही अडकले. वेग कमी करायचा तर चालते इंजिन बंद करणे एवढाच उपाय होता. ऑटोपायलटला मात्र विमान थोडाफार प्रतिसाद देत होते. तेवढ्यावर वैमानिकांनी ते अँकरेजला आणले. पहिल्या खेपेला जमले नाही, दुसऱ्या खेपेला उतरवले. पंधराच्या पंधरा माणसे वाचली.

केबलची दुसरी उणीव ३१ ऑक्टोबर १९९४ ला इंडियानातल्या रोझलॉनजवळ कळली. पंखांच्या पुढच्या कडेवर बर्फ फोडणारे रबरी पट्टे असतात; एटीआर ७२ च्या पट्ट्यांमागे बर्फाचा उंचवटा साचला. हवेचा प्रवाह तुटला आणि हवेनेच एलरॉन ओढून धरले. हायड्रॉलिकच्या जोरावर चालणारे एलरॉन असे सहजी ओढले जात नाही. इथे हवेशी झुंजायला फक्त माणसाचे हात होते. ६८ जण गेले. नंतर एटीआरचे पट्टे रुंद केले गेले.

क्यू ४०० या मोठ्या पंख्याच्या विमानात सरमिसळ दिसते. एलरॉन केबलवर, तर एलिव्हेटर आणि रडर (शेपटीचे उभे सुकाणू) हायड्रॉलिकवर. त्यातली तिसरी यंत्रणा एलिव्हेटरसाठीच राखलेली.

केबल जाम झाली तर काय, याचे उत्तर एटीआरमध्ये शेपटीकडे आहे. दोन्ही वैमानिकांचे दांडे जोडलेले असतात. एक बाजू अडकली की जोर लावून जोड तोडायचा आणि उरलेल्या एलिव्हेटरवर उडायचे. पण २० फेब्रुवारी २०१४ रोजी सिडनीकडे उतरणाऱ्या एटीआर ७२ मध्ये काहीच अडकले नव्हते. वेग अचानक वाढला, कॅप्टनने दांडा हाती घेतला आणि क्षणभर दोघांचा जोर एकमेकांविरुद्ध पडला. जोड तुटला, शेपटीवर प्रचंड ताण आला, केबिन कर्मचारी महिलेचा पाय मोडला. त्यानंतर झालेल्या तपासणीत शेपटीचे नुकसान कोणाच्या लक्षात आले नाही. विमान आणखी तेरा वेळा उडाले. पाच दिवसांनी पक्षी धडकल्याचा संशय आला म्हणून पाहणी केली, तेव्हा कुठे मोडलेली शेपटी दिसली.