कॅथलिक निअर ईस्ट वेल्फेअर असोसिएशन

कॅथलिक निअर ईस्ट वेल्फेअर असोसिएशन : मध्यपूर्व, ईशान्य आफ्रिका, पूर्व युरोप आणि भारत या प्रदेशांतील पौर्वात्य ख्रिस्तसभांना व त्यांच्यामार्फत तेथील गोरगरिबांना साहाय्य करणारी कॅथलिक संस्था. अकरावे पायस या पोप महोदयांनी १९२६ च्या मार्चमध्ये ती स्थापन केली. मुख्यालय न्यूयॉर्क येथे असून कॅनडातही तिची शाखा आहे. बैरुत, जेरुसलेम, अम्मान, अदिस अबाबा, एर्नाकुलम अशा ठिकाणी तिची कार्यालये आहेत. कारितास किंवा ‘एड टू द चर्च इन नीड’ या कॅथलिक संस्थांहून ती वेगळी. मात्र संकटकाळी तिघींचे काम अनेकदा एकाच गावात चाललेले दिसते.

पहिल्या महायुद्धानंतर ऑटोमन साम्राज्य कोसळले आणि त्याच्या ढिगाऱ्यातून निर्वासितांचे लोंढे बाहेर पडले. आर्मेनियन आणि सिरियाक ख्रिस्ती आधीच कत्तलींतून वाचून विखुरले होते. सप्टेंबर १९२२ मध्ये स्मिर्ना (आजचे इझमीर) जळाले आणि त्यानंतरच्या लोकसंख्या अदलाबदलीत सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती (रोमपासून वेगळ्या झालेल्या पूर्वेकडील ख्रिस्तसभांचे अनुयायी) ग्रीसमध्ये येऊन पडले. कॉन्स्टँटिनोपलमधील ग्रीक-कॅथलिक बिशप जॉर्ज कलवासी या लोकांसाठी अन्न, निवारा आणि अनाथाश्रम उभे करण्यात गुंतले होते. त्यांच्यासाठी अमेरिकेत निधी जमवणाऱ्यांत फ्रान्सिस्कन परंपरेतील फादर पॉल वॉटसन अग्रभागी होते. दुसरीकडे, रशियातील दुष्काळात पोपच्या मदतपथकाचे नेतृत्व जेझुइट धर्मगुरू एडमंड वॉल्श यांनी केले होते. हे पथक रोज लाखाहून अधिक माणसांना जेवू घालत होते. अमेरिकेतील कॅथलिकांकडे एकाच कारणासाठी निरनिराळ्या झोळ्या पसरल्या जात होत्या. पोप महोदयांनी त्या एकत्र केल्या आणि नव्या संस्थेचे पहिले अध्यक्षपद वॉल्श यांना दिले.

पौर्वात्य ख्रिस्तसभा म्हणजे रोमशी संलग्न असलेल्या, पण रोमन उपासनारीत न पाळणाऱ्या २३ स्वायत्त ख्रिस्तसभा. युक्रेनियन ग्रीक-कॅथलिक ही त्यांतली सर्वांत मोठी, तर केरळची सिरो-मलबार दुसऱ्या क्रमांकाची. मॅरोनाइट, मेल्काइट, खाल्डियन, कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन या इतर परिचित शाखा. त्यांची मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) सिरियाक, ग्रीक, गीझ वा अरबी परंपरेतली असते आणि त्यांचे अनेक धर्मगुरू विवाहित असतात. या सभांचा कारभार पाहण्यासाठी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९१७ मध्ये रोममध्ये स्वतंत्र खाते उघडले. भारत ‘निअर ईस्ट’मध्ये (नजीकच्या पूर्वेत) कसा, असे कोणालाही वाटेल; संस्थेचे कार्यक्षेत्र नकाशापेक्षा या ख्रिस्तसभांच्या वस्तीवरून ठरते, हे त्याचे उत्तर.

सुरुवातीच्या दशकांत संस्थेच्या उद्दिष्टांत केवळ भाकरी नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, विशेषतः रशियातले, रोमकडे परत येतील अशी आशा तिच्या संस्थापकांना होती, आणि ऑर्थोडॉक्स धर्माधिकाऱ्यांना या मदतीमागे आपली माणसे फोडण्याचा डाव दिसे. तो संशय निराधार म्हणता येणार नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये पौर्वात्य ख्रिस्तसभांविषयीचा आदेश काढला, त्यांच्या परंपरा समान प्रतिष्ठेच्या आहेत असे सांगितले आणि हवा बदलली. १९९३ मध्ये लेबननमधील बलमंद येथे कॅथलिक व ऑर्थोडॉक्स प्रतिनिधींनी एकमेकांचे भाविक ओढून ऐक्य साधण्याची जुनी पद्धत नाकारली. आज संस्थेची मदत ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभांनाही मिळते, आणि तिच्या पैशातून चालणाऱ्या दवाखान्यांच्या रांगेत अनेक ठिकाणी मुस्लिमच बहुसंख्य असतात. शंभर वर्षांच्या वाटचालीतला हा बदल मला कोणत्याही इमारतीपेक्षा मोठा वाटतो.

१९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले. पोप बाराव्या पायस यांनी १९४९ मध्ये त्यांच्यासाठी ‘पाँटिफिकल मिशन फॉर पॅलेस्टाइन’ स्थापन केले आणि कारभार याच संस्थेकडे सोपवला. सुरुवात तंबू, पीठ आणि घोंगड्यांनी झाली. निर्वासितांची छावणी काही महिन्यांत उठणार नाही हे लक्षात आल्यावर शाळा आणि दवाखाने आले. पोप सहावे पॉल १९६४ मध्ये पवित्र भूमीला गेले; त्या भेटीतून बेथलेहेममध्ये कर्णबधिर मुलांची एफ्फाथा ही शाळा उभी राहिली. ती धर्मभगिनी चालवतात आणि तिथली मुले ओठांच्या हालचालींवरून अरबी समजायला शिकतात. १९७३ मध्ये सुरू झालेल्या बेथलेहेम विद्यापीठालाही मिशनचा हातभार लागला.

संस्थेची कामाची रीत साधी आहे. ती सहसा स्वतःच्या नावाची इस्पितळे वा शाळा काढत नाही. स्थानिक बिशप, धर्मभगिनींचे संघ, धर्मग्राम (एका चर्चभोवतीचा स्थानिक भाविकसमाज) यांच्याकडून मागणी येते, प्रादेशिक कार्यालय ती पडताळून पाहते आणि पैसा त्यांच्या हाती दिला जातो. युद्धात याचा फायदा कळतो. बाहेरून येणाऱ्या पथकाला गाव, भाषा, रस्ते, कोणाच्या घरात आजारी म्हातारी आहे हे सगळे शोधावे लागते. गावातल्या सिस्टरांना ते आधीच ठाऊक असते. बाहेरचे पथक पुढच्या संकटाकडे निघून गेले तरी सिस्टर तिथेच असतात.

निधीचे मार्गही ओळखीचे आहेत : गरजू मुलांचे पालकत्व, भावी धर्मगुरूंच्या आणि नवदीक्षित भगिनींच्या शिक्षणाचा खर्च, इस्पितळांसाठी डिझेल आणि औषधे. त्यांतला एक मार्ग बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो, तो मिस्सा-दक्षिणेचा. कॅथलिक माणूस दिवंगत आप्ताच्या नावे मिस्सा अर्पण करायला सांगतो आणि त्यासोबत धर्मगुरूला छोटी रक्कम देतो. एका दक्षिणेवर एकच मिस्सा, असा नियम कडक आहे. न्यूयॉर्क किंवा टोरोंटोमधल्या माणसाने दिलेली दक्षिणा संस्थेमार्फत इथिओपियाच्या डोंगरातल्या किंवा इराकमधल्या एखाद्या फादरकडे जाते आणि तो त्या अनोळखी मृतासाठी मिस्सा अर्पण करतो. ज्या धर्मग्रामाला आपल्या फादरला पगार देणे परवडत नाही, तिथे त्याच्या घरची चूल पुष्कळदा याच पैशावर पेटते.

६ ऑगस्ट २०१४ च्या रात्री इस्लामिक स्टेटचे सैनिक जवळ येताच इराकच्या निनवे मैदानातले काराकोश हे बहुतांशी सिरियाक कॅथलिक शहर काही तासांत रिकामे झाले. लोक कुर्दिस्तानात एर्बिलच्या अंकावा भागात पोहोचले. चर्चच्या आवारात, अर्धवट इमारतींत झोपले. त्यांच्यासोबत डोमिनिकन भगिनीही निर्वासित होऊन आल्या होत्या आणि त्यांनीच तिथे शाळा सुरू केल्या. अंकावातल्या अशा शाळा-दवाखान्यांना संस्थेने पैसा पुरवला. काराकोश २०१६ मध्ये मुक्त झाले, पण परतले ते सगळे नव्हेत.

लेबननमध्ये २०१९ पासून चलन कोसळले. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुत बंदरातल्या अमोनियम नायट्रेटच्या स्फोटात दोनशेहून अधिक माणसे मेली आणि बंदराजवळची इस्पितळे उद्ध्वस्त झाली. मॅरोनाइट भगिनींचे गैतावी इस्पितळ आणि रोझरी भगिनींचे इस्पितळ त्यांत होते. त्यांच्या दुरुस्तीला संस्थेने हात दिला. इथिओपियात तिग्रेच्या युद्धात (२०२०–२२) अदिग्रात धर्मप्रांत महिनोन्‌महिने जगापासून तुटला होता. शेजारच्या एरिट्रियात तर युद्धाविनाच, जून २०१९ मध्ये, सरकारने कॅथलिक चर्चचे वीसहून अधिक दवाखाने ताब्यात घेऊन बंद केले.

युक्रेनची गोष्ट वेगळी. सोव्हिएत सत्तेने १९४६ मध्ये तिथली ग्रीक-कॅथलिक ख्रिस्तसभा कायद्याने संपवली, तिचे प्रमुख योसिफ स्लिपी यांनी १८ वर्षे तुरुंगात आणि छावण्यांत काढली, आणि ती १९८९ पर्यंत तळघरांत आणि जंगलांत जगली. ज्यांनी भूमिगत चर्च पाहिले होते त्यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केल्यावर काय करायचे हे शिकवावे लागले नाही. कीवमधल्या पुनरुत्थान कॅथेड्रलचे तळघर आश्रयस्थान झाले आणि प्रमुख आर्चबिशप स्वियातोस्लाव शेवचूक शहरातच राहिले. संस्थेची मदत या ख्रिस्तसभेच्या धर्मग्रामांतून आणि कारितास युक्रेनमधून विस्थापितांपर्यंत जाते. गाझात, ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात, अँग्लिकन चर्चचे अल-अहली इस्पितळ संस्थेच्या भागीदारांत आहे.

या कामात एक प्रश्न सुटत नाही. ख्रिस्ती लोकांनी आपल्या मूळ भूमीतच टिकून राहावे, हा मदतीचा जाहीर हेतू. इराकमध्ये २००३ पूर्वी दहा लाखांहून अधिक ख्रिस्ती होते असा अंदाज आहे. आज त्यांतला लहानसा भाग उरला आहे. ज्या आईबापांना मुलांसह मेलबर्न किंवा डेट्रॉइट गाठण्याची संधी मिळते, त्यांना ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला? संस्था कोणाला अडवत नाही. शाळा उघडी ठेवणे, दवाखान्यात औषध ठेवणे, एवढे ती करते, म्हणजे थांबणाऱ्याला थांबणे शक्य व्हावे. दानावर चालणाऱ्या संस्थेच्या ताकदीत इतकेच आहे, आणि ते कमी नाही.

भारतात तिचा मुख्य भर केरळमधील सिरो-मलबार आणि सिरो-मलंकरा ख्रिस्तसभांवर आहे : बालगृहे, अपंगांची केंद्रे, सेमिनरी (भावी धर्मगुरूंची विद्यालये). या ख्रिस्तसभांचा इतिहास गोव्यालाही चिकटलेला आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी १५९९ मध्ये केरळात उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून संत थॉमसच्या ख्रिस्ती लोकांवर (केरळच्या प्राचीन ख्रिस्ती समाजावर) लॅटिन म्हणजे रोमन रीत लादली आणि त्यांचे सिरियाक ग्रंथ नष्ट करण्याचा हुकूम दिला. आपली रीत परत मिळवायला त्यांना विसावे शतक उजाडावे लागले. महाराष्ट्रातले बहुसंख्य कॅथलिक, वसईचे असोत वा मुंबईचे, लॅटिन रीतीचे. परंतु सिरो-मलबार ख्रिस्तसभेने केरळबाहेरचे आपले पहिले मिशनक्षेत्र १९६२ मध्ये विदर्भातल्या चांद्यात (चंद्रपूर) सुरू केले, १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत झाला, आणि पुण्याजवळ खडकीला सिरो-मलंकरा धर्मप्रांताचे केंद्र आहे.