लाहार आणि अग्निदलिक प्रवाह: चढून वाचता येते कशापासून आणि कशापासून नाही

मे १९०२ मध्ये कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावरच्या माँ पेले या ज्वालामुखीने अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने दोन वेगवेगळी संकटे दाखवली. ५ मे रोजी दुपारी डोंगरावरून चिखलाचा लोंढा नदीच्या पात्रातून खाली आला आणि त्याने नदीच्या मुखाजवळचा साखर कारखाना माणसांसकट गाडून टाकला. ८ मे रोजी सकाळी आठच्या सुमारास त्याच डोंगरातून तापलेली राख आणि वायू यांचा लोट सुटला आणि सात-आठ किलोमीटरवरचे सँ पिएर हे शहर काही मिनिटांत भस्मसात झाले. सुमारे २८,००० माणसे मेली. यातील पहिला लोंढा म्हणजे लाहार आणि दुसरा लोट म्हणजे अग्निदलिक प्रवाह. बातम्यांमध्ये दोन्हींना सरसकट ‘लाव्हा’ म्हटले जाते. ही चूक मला फार खटकते, कारण जीव वाचवण्याचा उपाय दोन्हींत एक नाही.

आपली समजूत चुकते त्याला कारणही आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हाच असल्यामुळे ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोच येतो. प्रत्यक्षात लाव्हा बहुतेक वेळा इतका सावकाश सरकतो की माणूस चालत त्याच्यापुढून निघून जाऊ शकतो.

अग्निदलिक म्हणजे ज्वालामुखीने फोडून फेकलेले तुकडे: राख, प्युमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड), दगड. आकाशात चढलेला राखेचा स्तंभ स्वतःच्या वजनाने कोसळतो किंवा विवरातला घट्ट लाव्हाचा घुमट ढासळतो, तेव्हा हे तुकडे कित्येकशे अंश सेल्सियस तापलेल्या वायूंत मिसळून उतारावरून धावत सुटतात. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे सहज जातो. जावा बेटावर मेरापीच्या पायथ्याचे लोक या लोटाला ‘वेधुस गेंबेल’, म्हणजे लोकरीची मेंढी, म्हणतात; उतारावरून लोळत येणारे ते करडे, कुरळे ढग दुरून तसेच दिसतात.

लाहार हा शब्दही जावा बेटावरचाच. आपल्या ‘लहरी’शी त्याचा काही संबंध नाही. सैल राख आणि दगडगोटे पाण्यात मिसळले की तो तयार होतो. दिसायला तो स्लॅब टाकताना मिक्सरमधून पडणाऱ्या ओल्या काँक्रीटसारखा असतो, फक्त त्यात घराएवढ्या शिळा आणि मुळासकट उपटलेली झाडेही वाहत येतात. पाणी वितळलेल्या बर्फाचे असेल, विवरातल्या तळ्याचे असेल किंवा साध्या पावसाचे असेल. त्यामुळे लाहार यायला उद्रेक चालू असलाच पाहिजे असे नाही. २४ डिसेंबर १९५३ रोजी न्यूझीलंडमध्ये रुआपेहू शांत असताना त्याच्या विवरातले तळे फुटले, लाहारने तांगिवाईचा रेल्वेपूल खिळखिळा केला आणि रात्रीची गाडी नदीत कोसळून १५१ जण मेले.

एक संकट दुसऱ्याला जन्म देते, म्हणूनही गोंधळ होतो. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी रात्री नऊच्या सुमारास कोलंबियातील नेवादो देल रुईसचा तसा लहानच उद्रेक झाला. त्याचे अग्निदलिक प्रवाह माथ्यावरच्या हिमनदीवर पसरले, बर्फ वितळले आणि त्या पाण्याचा लाहार बनून दऱ्यांतून निघाला. सुमारे ७४ किलोमीटरवरच्या आर्मेरो गावापर्यंत पोहोचायला त्याला अडीच तास लागले. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता आणि त्यात आर्मेरो होते. तरी गावाला हलवले गेले नाही आणि जवळपास २३,००० माणसे गेली. लाहार नदीचे पात्र आणि सखल भाग धरून चालतो, त्यामुळे लगतच्या उंचवट्यावर वेळेत पोहोचलेला माणूस वाचतो. तिथे अडीच तास हाताशी होते, हे वाचताना आजही जीव तुटतो.

अग्निदलिक प्रवाहापुढे मात्र उंचवट्याचा भरवसा धरता येत नाही. त्याचा जड भाग दरीतून जातो, पण वरचा हलका, तापलेला ढग त्यापासून सुटून कडेच्या टेकड्यांवर चढतो. ३ जून १९९१ रोजी जपानमधील उन्झेन येथे नेमके हेच झाले आणि ४३ जण मेले. त्यांत ज्वालामुखींचे चित्रण करण्यात आयुष्य घालवलेले मोरिस आणि कातिया क्राफ्त हे दांपत्यही होते. पाणीही त्याला अडवत नाही: १८८३ साली क्राकाटोआचा लोट समुद्र ओलांडून सुमात्राच्या किनाऱ्यावर पोहोचला होता. सँ पिएरमध्ये वाचलेल्या मोजक्या लोकांत एक कैदी होता. जाड दगडी भिंतींची, खिडकी नसलेली त्याची कोठडी आणि दारावरची अरुंद जाळी यांमुळे तो जिवंत राहिला, तोही भयंकर भाजून. असा आसरा शोधून सापडत नाही. प्रवाह दिसल्यावर पळून उपयोग नसतो. तो सुटण्यापूर्वीच धोक्याच्या क्षेत्राबाहेर असावे लागते.

क्राफ्त दांपत्याच्या चित्रणातून बनवलेली चित्रफीत त्याच वर्षी फिलिपाईन्समध्ये पिनातुबोभोवतालच्या अधिकाऱ्यांना आणि लोकांना दाखवली गेली. हे दोन प्रवाह कसे असतात ते तिथल्या अनेकांनी प्रथमच पाहिले. १५ जूनच्या महाउद्रेकापूर्वी हजारो लोकांना हलवले गेले आणि त्यांचे प्राण वाचले. पण दऱ्यांत साठलेली राख तिथेच होती आणि पुढची कित्येक वर्षे दर पावसाळ्यात लाहार येत राहिले. उद्रेकाला चार वर्षे उलटल्यावर, १ ऑक्टोबर १९९५ रोजी, वादळी पावसाने आलेल्या लाहारने बाकोलोर गाव गाडले. तिथले जुने दगडी चर्च आजही निम्मे जमिनीखाली आहे आणि त्याच्या खिडक्यांचीच आता दारे झाली आहेत.