सभागृहाबाहेर काय न्यायचं? परिषदांच्या सोशल मीडिया वार्तांकनाची पार्श्वभूमी

मुंबईत हिवाळा हा परिषदांचा हंगाम. डॉक्टर, वास्तुरचनाकार, चार्टर्ड अकाउंटंट, अभियंते अशा सगळ्यांची वार्षिक अधिवेशनं याच महिन्यांत भरतात. वांद्रे-कुर्ला संकुल, गोरेगावचं नेस्को, वरळीचं नेहरू सेंटर यांच्या तारखा खूप आधीच अडवून ठेवलेल्या असतात. आयोजन समितीत आता स्वागत, निवास, भोजन यांच्या जोडीला 'सोशल मीडिया' हेही एक खातं असतं आणि ते बहुधा सगळ्यांत तरुण सभासदाच्या गळ्यात पडतं. त्याला तीन गोष्टी सांगितल्या जातात: हॅशटॅग ठरव, फोटो टाक, उद्घाटन लाइव्ह कर. हे नवं काम आहे, नव्या पोरांना जमेल, अशी त्यामागची समजूत. मी स्वतः काही वैद्यकीय परिषदांमध्ये हे खातं सांभाळलं आहे आणि माझं मत वेगळं आहे. साधनं नवी आहेत. पण सभागृहातलं काय बाहेर न्यायचं, कोणी न्यायचं आणि ते कुणाच्या परवानगीनं, हा प्रश्न या शहरात फार जुना आहे.

28 डिसेंबर 1885 रोजी गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, पहिलं अधिवेशन सुरू झालं. ते व्हायचं होतं पुण्यात, पण तिथे पटकीची साथ आली आणि बाडबिस्तरा मुंबईला हलवावा लागला. प्रतिनिधी 72. त्यांत वकील होते, शिक्षक होते, आणि वृत्तपत्रांचे संपादक लक्षात येण्याइतके होते. अधिकृत अहवालात 'ज्ञानप्रकाश', 'मराठा', 'केसरी', 'इंदुप्रकाश', 'हिंदू', 'ट्रिब्यून', 'इंडियन मिरर' अशी पत्रांची नावं ओळीनं येतात. पहिला ठराव मांडला तो 'हिंदू'च्या जी. सुब्रमण्य अय्यरांनी. म्हणजे ज्यांनी बातमी लिहायची ते दाराबाहेर ताटकळत नव्हते, सभेचे सभासदच होते. भाषणं उतरवून घेतली गेली, नऊ ठरावांसह अहवाल छापला गेला. आज आपण ज्याला वार्तांकनाचं नियोजन म्हणतो, त्याचे दोन पाय तिथे दिसतात: विषय समजणाऱ्याच्या हाती लेखणी, आणि मागे राहील असा कागद.

पुढची शंभरेक वर्षं प्रसिद्धी समितीची. सकाळी टंकलिखित प्रसिद्धीपत्रक, दुपारी ते घेऊन फोर्टातल्या वृत्तपत्र कचेऱ्यांच्या पायऱ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी अंकात कुठे चार ओळी आल्या का ते पाहणं. नंतर फॅक्स आला. वेग बदलला, पण दार एकच राहिलं. आतली बातमी समितीच्या हातून बाहेर जाई, आणि नेमकं काय जाईल हे समिती ठरवी.

ते दार उघडलं 2007 साली, मुंबईपासून फार दूर. ट्विटर आदल्या वर्षी सुरू झालं होतं. 160 अक्षरांच्या एसएमएसमध्ये लिहिणाऱ्याच्या नावालाही जागा राहावी म्हणून मजकुराला 140 अक्षरांची मर्यादा घातलेली. मार्च 2007 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये 'साउथ बाय साउथवेस्ट' या संमेलनात ट्विटरवाल्यांनी येण्याजाण्याच्या वाटेवर मोठे पडदे लावले आणि त्यांवर उपस्थितांचे संदेश वाहू दिले. कुठल्या हॉलमध्ये भाषण रंगलंय हे लोक पडद्यावर वाचायचे आणि तिकडे वळायचे. रोजचे संदेश 20,000 वरून 60,000 वर गेल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच वर्षी 23 ऑगस्टला क्रिस मेसिना यांनी एका विषयावरचे संदेश एकत्र दिसावेत म्हणून शब्दाआधी # ही खूण लावायची सूचना केली. उदाहरण म्हणून त्यांनी घेतला होता 'बारकॅम्प' हा शब्द, म्हणजे अनौपचारिक तंत्रज्ञान परिषदांचं नाव. तसे बारकॅम्प पवईच्या आयआयटीतही भरले. हॅशटॅगचा जन्मच परिषदेसाठी झाला हे लक्षात घेतलं, तर तो निवडणं हे शेवटच्या क्षणी उरकायचं काम का नाही ते कळतं. ट्विटरनं ही खूण दुव्यात, म्हणजे लिंकमध्ये, बदलायला 2009 उजाडलं. देवनागरीची कथा आणखी निराळी: सुरुवातीला शब्दात काना-मात्रा आली की दुवा तिथेच तुटायचा. म्हणूनच मराठी परिषदांनाही रोमन हॅशटॅगची सवय लागली आणि अडचण दूर झाल्यावरही ती सुटली नाही. याची मला खंत आहे.

मुंबईला 'लाइव्ह' या शब्दाची ओळख मात्र परिषदेतून झाली नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात कुलाब्यातले लोक फोनवरून घडामोडी लिहीत होते, रक्तदात्यांसाठी आवाहनं फिरत होती. त्याच वेळी दूरचित्रवाहिन्या सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवत होत्या. सर्वोच्च न्यायालयानं 2012 च्या निकालात त्या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत टीका केली आणि मार्च 2015 मध्ये केबल वाहिन्यांच्या नियमांत बदल होऊन अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंधन आलं. परिषदेचा आणि या घटनेचा थेट संबंध नाही, मान्य. पण जे दिसतं ते त्याच क्षणी दाखवायचं नसतं हे या शहराला फार मोठी किंमत मोजून कळलं, आणि मी स्वयंसेवकांशी बोलताना ही आठवण काढतेच.

संशोधकांच्या जगात याच सुमारास वेगळा वाद पेटला. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चे संपादक इंगेलफिंगर यांनी 1969 साली नियम घातला होता: इतरत्र आधी प्रसिद्ध झालेलं संशोधन आम्ही छापणार नाही. परिषदेत नवे आकडे मांडणाऱ्याच्या मनात ही धास्ती कायम असते. 2009 साली कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या जनुकशास्त्राच्या बैठकीतून एका संशोधकानं ब्लॉगवर वृत्तांत लिहिला. पत्रकारांना वक्त्याची परवानगी घ्यावी लागत होती, श्रोत्याला नाही. तक्रार झाली आणि संस्थेनं तोच नियम ब्लॉग लिहिणाऱ्या श्रोत्यांनाही लावला. मला हा निर्णय न्याय्य वाटतो. उलट 2017 मध्ये सॅन दिएगोत अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं स्लाइडचे फोटो टाकणाऱ्यांना ते काढून टाकायला सांगितलं, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांनी नाराजी व्यक्त केली. हजारो फोन असलेल्या सभागृहात सरसकट बंदी चालत नाही. वक्त्याला आधी विचारणं आणि त्याचं उत्तर पहिल्याच स्लाइडवर लिहिणं चालतं.

आपल्याकडचं मोठं उदाहरण कालिन्याचं. भारतीय विज्ञान काँग्रेसचं 102 वं अधिवेशन 3 ते 7 जानेवारी 2015 या काळात मुंबई विद्यापीठात भरलं. नोबेल विजेते आले होते, पाच दिवस अनेक सत्रं झाली. पण 4 तारखेच्या संस्कृतमधील प्राचीन विज्ञानावरच्या सत्रात प्राचीन भारतात विमानं होती असं सांगणारा एक निबंध होता. तो वाचला जाण्याआधीच त्याविरुद्ध ऑनलाइन अर्ज फिरू लागला. पुढे देशी-परदेशी माध्यमांत आणि ट्विटरवर त्याचीच चर्चा. त्या निबंधावरची टीका रास्तच होती. पण आज त्या अधिवेशनाबद्दल कुणालाही विचारा, विमानांपलीकडे काही आठवत नाही. पाच दिवसांची ओळख एका तासानं ठरली. कुठल्या सत्रावर वाद होऊ शकतो आणि त्याच वेळी इतर सभागृहांतलं काय लोकांपुढे ठेवायचं, याची बैठक आधी घ्यायची असते, हे मी तिथून शिकले.

दुसरा धडा माझ्याच हातून घडला. काही वर्षांपूर्वी एका परिषदेत पोस्टर विभागाचे, म्हणजे संशोधन फलकांवर मांडतात तिथले, फोटो मी भराभर टाकत होते. एका निवासी डॉक्टर मुलीचं पहिलंच पोस्टर, तिच्या चेहऱ्यावरचा आनंद, फोटो सुरेख आला. अर्ध्या तासानं तिचाच फोन आला, "ताई, प्लीज काढा ना तो फोटो." पोस्टरवरच्या एक्स-रेच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव आणि वय तसंच राहिलं होतं. मी लगेच काढला, पण तोवर तो दोन व्हॉट्सअॅप ग्रुपांवर गेला होता. ते नाव मला अजून पाठ आहे. तेव्हापासून पोस्टरचा फोटो दुसऱ्या कुणीतरी मोठा करून चारही कोपरे पाहिल्याशिवाय आमच्याकडून जात नाही.

कायदाही त्याच दिशेनं सरकला. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2 ऑगस्ट 2023 रोजी डॉक्टरांच्या आचरणाचे नियम जाहीर केले, त्यांत सोशल मीडियावर रुग्णांच्या उपचारांची चर्चा, शस्त्रक्रियेचे व्हिडिओ टाळण्याबद्दल कलमं होती. तीन आठवड्यांत ते नियम स्थगित झाले. त्याच महिन्यात वैयक्तिक डिजिटल विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा मात्र संमत झाला.

व्यासपीठंही हातातून निसटत राहिली. परिषदेतले विखुरलेले संदेश गोळा करून वृत्तांत विणायला लोक 'स्टोरिफाय' वापरत. ते मे 2018 मध्ये बंद झालं. 2023 मध्ये ट्विटरचं 'एक्स' झालं, मोफत मिळणारी विदा बंद झाली, अनेक प्रवाह शेजारी ठेवून पाहायचं 'ट्वीटडेक' पैसे भरणाऱ्यांपुरतं उरलं. आपल्याकडची खरी चर्चा तोवर व्हॉट्सअॅपवर गेलीच होती. तिथे हॅशटॅग लागत नाही आणि बाहेरच्याला काही दिसतही नाही.

त्यामुळे आमच्या नियोजनाची सुरुवात आता हॅशटॅगनं होत नाही. निबंध स्वीकारल्याच्या पत्रासोबतच वक्त्याला संमतीचा कागद जातो: फोटो चालेल, फक्त नाव चालेल, काहीच नको. प्रत्येक सभागृहात त्या विषयातला एक निवासी डॉक्टर टिपणं घेतो, फोन दुसऱ्याच्या हातात असतो. तळघरातल्या हॉलमध्ये रेंज येते का हे आदल्या दिवशी चालून पाहतो. संध्याकाळी त्या दिवसाच्या पोस्ट, फोटो आणि टिपणं तारीख व सभागृहानुसार एका फोल्डरमध्ये जातात. समारोपानंतर त्याची एक प्रत स्मरणिकेसोबत ग्रंथालयात जमा होते, आणि तिथला कर्मचारी वहीत नोंद करून माझी सही घेतो.