पंखा दोनवर ठेवला तर बिल कमी येतं का?

"पंखा एकवर ठेव नाहीतर पाचवर, मीटर तेवढंच पळतं." सांगलीत आमच्या मामी हे ठासून सांगतात. म्हणून गावभागातल्या त्यांच्या घरात पंखा कायम पाचवर. पांघरूण घेऊन का होईना.

या समजाला मूळ आहे, हे मान्य करायला हवं. माडीवरच्या भिंतीवर अजून तो जुना काळा, डब्यासारखा रेग्युलेटर आहे. रात्री त्याला हात लावून बघा, चांगला कोमट लागतो. आत तारेचं वेटोळं असतं. वेग कमी केला की पंख्याला वीज कमी जाते खरी, पण वाचलेल्यातली बरीचशी त्या तारेतच उष्णता होऊन वाया जाते. बचत तेव्हाही व्हायची, पण नावापुरती.

खालच्या खोलीत मात्र स्विचबोर्डातच बसणारा छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे. तो वीज अशी जाळत बसत नाही, पंख्याला मुळात कमीच देतो. साधा छताचा पंखा पाचवर साधारण ७५ वॅट खातो. रोज १० तास धरले तर ३० दिवसांत २२.५ युनिट. वेग उतरवला की हा आकडा खरोखर खाली येतो. महिन्याचा वापर १०० युनिटच्या काठावर असेल तर जास्तच लक्ष द्या, कारण १०० च्या पुढच्या युनिटांना दर बराच चढा लागतो.

कमी वीज खाणाऱ्या नव्या धाटणीच्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी पंखा तर पूर्ण वेगातही ३०-३५ वॅटमध्ये भागवतो. मामींना हे सगळं सांगितलं.

"आधी माडीवरचा रेग्युलेटर बदलून दे, मग बोल," म्हणाल्या.