‘मर्चंट’ आणि ‘फ्री मर्चंट’: मुंबई बेटावरची जुनी गल्लत

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या मुंबईबद्दल मराठीत काहीही वाचायला घ्या, थोड्याच पानांत एक ‘ज्येष्ठ व्यापारी’ भेटतो. हा गृहस्थ बेटावरचा ज्येष्ठ व्यापारी होता आणि पुढे कौन्सिलात गेला, असं तिथे लिहिलेलं असतं. मूळ कागदात शब्द असतो ‘सीनियर मर्चंट’. मामलेदार किंवा फौजदार जसं हुद्द्याचं नाव, तसंच हे. भाषांतरात हुद्दा गळतो, कंपनीचा नोकर पेढीवाला होऊन बसतो आणि पुढचा सगळा इतिहास त्या चुकीवर रचला जातो. हे इतक्या वेळा वाचलंय की आता एकदा नीट मांडायलाच हवं.

बेट इंग्रजांकडे कसं आलं ते शाळेपासून सगळ्यांना ठाऊक आहे: 1661 चा विवाहाचा करार, 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड खंडाने कंपनीला दिलेला ताबा, 1687 मध्ये सुरतेहून मुंबईला हललेलं मुख्य ठाणं. त्यात शिरत नाही.

कंपनीच्या मुलकी नोकरीत चार पायऱ्या होत्या. विलायतेहून पोरसवदा मुलगा यायचा तो ‘रायटर’ म्हणून. पत्रांच्या नकला करायच्या, वह्या लिहायच्या. साधारण पाच वर्षांनी तो ‘फॅक्टर’ व्हायचा, मग ‘ज्युनियर मर्चंट’, मग ‘सीनियर मर्चंट’. पायरी चढायची ती मुख्यतः नोकरीच्या वर्षांवर. गव्हर्नराच्या कौन्सिलात बसायचे ते या वरच्या पायरीवरचे लोक. पुण्यात रेसिडेंट आणि पुढे मुंबईत गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टनसुद्धा हिंदुस्थानात आला तो बंगालमधला रायटर म्हणून.

‘फ्री मर्चंट’ या शिडीवर कुठेच नव्हता. लंडनच्या संचालकांकडून राहण्याचा आणि व्यापाराचा परवाना घ्यायचा आणि स्वतःच्या किंवा उसन्या भांडवलावर धंदा करायचा. पगार नाही, बढती नाही, कौन्सिलात खुर्ची नाही.

इथवर सोपं आहे. चांगले वाचकही अडखळतात ते पुढे. व्यापार करेल तो व्यापारी आणि पगार घेईल तो नोकर, अशी कसोटी ते लावतात. मुंबई बेटावर ही कसोटी चालत नाही, कारण इथे व्यापार दोघेही करत. सतराव्या शतकात रायटरचा पगार वर्षाला 10 पौंडांच्या आसपास होता. तेवढ्यावर कोणी समुद्र ओलांडून येत नसे, आणि येणाऱ्याला इथली हवा किती दिवस जगू देईल याचाही भरवसा नव्हता. माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी म्हण त्या काळी इंग्रजांमध्येच रूढ होती. म्हणून कंपनीने आपल्या नोकरांना खासगी व्यापाराची मोकळीक दिली. इंग्लंडशी होणारा व्यापार कंपनीचा राखीव. आशियातल्या बंदरांमधला नोकरांना खुला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून चीनला कापूस जाऊ लागला, तेव्हा एकाच गलबतात सीनियर मर्चंटच्या गासड्या आणि फ्री मर्चंटच्या गासड्या शेजारी शेजारी असू शकत. माल मिळवून देणारे पारशी आणि गुजराती दलालही तेच. काही अडतपेढ्यांमध्ये तर कंपनीचा नोकर आणि फ्री मर्चंट भागीदारच होते.

म्हणून धंदा बघू नका, माणूस कोणाच्या हुकमाखाली आहे ते बघा. सीनियर मर्चंटची बदली होई: आज मुंबई, उद्या सुरत, परवा तेलिचेरी. चूक केली तर पायरी अडकायची. फ्री मर्चंटची बदली करणारं कोणी नव्हतं. पण परवाना काढून घेतला की त्याला पहिल्या जहाजाने परत जावं लागे. एकाला वरिष्ठांची मर्जी सांभाळायची, दुसऱ्याला परवाना.

दोन फोर्ब्स घ्या, म्हणजे पुन्हा घोटाळा होणार नाही. जेम्स फोर्ब्स 1766 मध्ये मुंबईला रायटर म्हणून आला, पुढे डभोईचा कलेक्टर झाला आणि चार खंडांत आठवणी लिहून गेला. तो कंपनीचा नोकर. जॉन फोर्ब्सने 1767 मध्ये मुंबईत पेढी घातली, तिचं नाव आजही टिकून आहे; तो खासगी व्यापारी. आडनाव एक, शहर एक, काळ एक, म्हणून दोघांना एकच माणूस करून टाकणं मला अक्षम्य वाटतं. डेव्हिड स्कॉट हा तिसरा. मुंबईत फ्री मर्चंट म्हणून पैसा केला, 1786 मध्ये विलायतेला परतला आणि नंतर कंपनीचा अध्यक्ष झाला. म्हणजे मुंबईच्या शिडीवर कधी पाय न ठेवलेला माणूस शिडीच्या मालकांमध्ये जाऊन बसला.

हुद्द्यांची ही नावं व्यापार मागे पडल्यावरही चालू राहिली. 1818 नंतर दख्खनमध्ये वसुली आणि निवाडे करणाऱ्या साहेबांची श्रेणीही कागदोपत्री ‘मर्चंट’च होती. 1833 च्या सनदेने कंपनीचा व्यापारच संपवला.

आणखी दोन शब्द, थोडक्यात. ‘रायटर’ला लेखक म्हणू नका, तो कारकून. ‘फॅक्टरी’ म्हणजे वखार. सुरतेत इंग्रजांचा ‘कारखाना’ होता असं लिहिलेलं दिसलं की मी ते पुस्तक बाजूला ठेवतो. आपल्या भाषेत वखार हा नेमका शब्द असताना तो टाकायचा कशाला?

पाद्र्यांचंही असंच. चॅपलेन कंपनीचा पगारी धर्मगुरू, आपल्या गोऱ्या लोकांसाठी ठेवलेला. 1718 च्या नाताळात सेंट थॉमस चर्च सुरू करणारा रिचर्ड कॉब हा चॅपलेन. 1813 मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी. कंपनीला ते नकोच होते, त्यांना परत धाडायचा हुकूम कलकत्त्याहून आला होता. मराठी शिकून शाळा काढल्या त्या या मिशनऱ्यांनी. त्याचं श्रेय चॅपलेनांना देऊ नका.

एखाद्या नावाची शंका असेल तर कंपनीच्या काळातली वार्षिक रजिस्टरं उघडा. मुलकी नोकरांची यादी वेगळी असते, नोकरीत नसलेल्या युरोपियन रहिवाशांची वेगळी. नाव कुठल्या यादीत आहे ते आधी बघा, मग ‘मर्चंट’चं मराठी करा.