एकाच व्हर्च्युअल सर्व्हरवर विंडोज आणि लिनक्स: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडण्याची ठिकाणे

भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स बसवण्यासाठी सेवा पुरवठादाराकडे केलेले अर्ज परत येतात, तेव्हा गोव्यातील अर्जदाराला वाटते की आपले तांत्रिक ज्ञान कमी पडले. प्रत्यक्षात बहुतेक अर्ज त्याआधीच, सेवेचा प्रकार किंवा पत्त्याचा पुरावा यांपैकी एका जागी अडलेले असतात.

पात्रतेचा पहिला निकष सेवेच्या प्रकाराचा आहे. ओपनव्हीझेड किंवा एलएक्ससी या पद्धतीचा स्वस्त सर्व्हर मूळ यंत्राचाच लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) वापरतो, त्यामुळे त्यावर विंडोज बसवणे शक्यच नाही आणि पुरवठादाराने कितीही मनावर घेतले तरी तो ते करू शकत नाही. केव्हीएमसारखे पूर्ण आभासीकरण (ज्यात प्रत्येक सर्व्हर स्वतःचा कर्नल चालवतो), स्वतःची आयएसओ फाइल (प्रणाली बसवण्याच्या डिस्कची प्रत) जोडण्याची मुभा आणि ब्राउझरमधून चालणारा कन्सोल (सर्व्हरचा पडदा सुरुवातीपासून दाखवणारी खिडकी) या तीनही गोष्टी योजनेत आहेत, असे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. त्याचबरोबर आपली गरजही तपासावी. दुहेरी बूटमध्ये, म्हणजे एकाच सर्व्हरवर दोन प्रणाली बसवून सुरू करताना एक निवडण्याच्या पद्धतीत, एका वेळी एकच प्रणाली चालते. विंडोजवरचे लेखा सॉफ्टवेअर आणि लिनक्सवरचे संकेतस्थळ दोन्ही दिवसभर सुरू हवे असतील, तर दोन लहान सर्व्हर घेणेच योग्य ठरेल.

कागदपत्रांचा प्रश्न सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांपासून कडक झाला. व्हर्च्युअल सर्व्हर देणाऱ्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, भाड्याचा कालावधी आणि सेवा घेण्याचा हेतू नोंदवून ही नोंद सेवा बंद केल्यानंतरही किमान ५ वर्षे जपून ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. पत्ता कोणत्या कागदाने पडताळावा हे मात्र त्यात सांगितलेले नाही, तरीही काही पुरवठादार अर्जदाराच्याच नावाचे वीजबिल मागत राहतात. गोव्यात हे बिल किती घरांत मिळेल? वडिलोपार्जित घर अविभक्त असते, वीज खात्याचे बिल दिवंगत आजोबांच्या नावाने येते आणि घरपट्टीची पावती काकांच्या नावावर फाटते. म्हापसा किंवा फोंड्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे तर घरमालकाच्या बिलाशिवाय काहीच नसते. अशा अर्जदाराने बिलासाठी अडून न राहता आधारवरचा पत्ता आधी अद्ययावत करावा आणि पूरक म्हणून पंचायतीचा किंवा मामलेदारांचा रहिवासी दाखला, भाडेकरू असल्यास भाडेकरार जोडावा. आधार आणि पॅन यांवरील आडनावाचे रोमन स्पेलिंग एकच आहे का, हेही पाहावे. जुन्या पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग एका कागदावर आणि नवे दुसऱ्यावर, एवढ्यावरून अर्ज परत आलेले आहेत. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रतच द्यावी. हेतूच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ असा एकच शब्द न लिहिता ‘विंडोज व लिनक्सवर सॉफ्टवेअरची चाचणी’ असे स्पष्ट लिहावे.

विंडोज सर्व्हरच्या मूल्यमापन आवृत्तीची मुदत फार जण चुकीची वाचतात. १८० दिवसांचा आकडा सर्वांच्या लक्षात राहतो, पण पहिल्या १० दिवसांत इंटरनेटवरून सक्रिय न केल्यास ती प्रणाली आपोआप बंद होऊ लागते, ही अट नजरेतून सुटते. विंडोज बसवून लगेच लिनक्सकडे वळणारा माणूस दोन आठवड्यांनी परततो तोवर ही मुदत उलटलेली असते. म्हणून विंडोजला इंटरनेट जोडून सक्रिय केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. शिवाय ही आवृत्ती केवळ चाचणीसाठी आहे; धंद्याच्या कामासाठी पुरवठादाराकडूनच मासिक परवाना घ्यावा.

बसवण्याच्या क्रमात विंडोज आधी आणि लिनक्स नंतर, आणि दोन्ही एकाच पद्धतीने, म्हणजे यंत्र सुरू करण्याच्या दोन पद्धतींपैकी दोन्ही नव्या यूईएफआयने किंवा दोन्ही जुन्या बायोसने. विंडोज ‘कुठे बसवू’ असे विचारते त्या पडद्यावर डिस्कची यादी रिकामी दिसली, तर सर्व्हर बिघडलेला नसून विंडोजकडे व्हर्टआयओचे, म्हणजे आभासी डिस्क व नेटवर्क ओळखण्यासाठी लागणारे, ड्रायव्हर नसतात. ‘लोड ड्रायव्हर’ दाबून त्यांच्या आयएसओमधून डिस्कचा ड्रायव्हर निवडला की यादी भरते. नेटवर्कचा ड्रायव्हरही तेथूनच घ्यावा लागतो. काही पुरवठादार एका वेळी एकच आयएसओ जोडतात, त्यामुळे विंडोज आणि ड्रायव्हर यांच्या दोन्ही आयएसओ एकत्र जोडून देण्याची विनंती मूळ अर्जातच करावी. त्यानंतर स्नॅपशॉट (सर्व्हरच्या त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) घ्यावा, फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न करणारी सोय) सुरू असल्यास बंद करावे, डिस्कवरचे विंडोजचे विभाजन आक्रसून रिकामी जागा काढावी आणि तीत लिनक्स बसवावे.

लिनक्स बसल्यावर सुरुवातीच्या यादीत विंडोज दिसले नाही तरी ते पुसले गेले असे समजून घाबरून सर्व पुन्हा करू नये. ही यादी दाखवणाऱ्या ग्रब या लिनक्सच्या प्रोग्राममध्ये २.०६ आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो सुरू करून यादी नव्याने तयार केली की बहुधा विंडोज परत दिसते. ही यादी फक्त कन्सोलमध्ये दिसते, एसएसएच किंवा रिमोट डेस्कटॉप या दुरून जोडण्याच्या मार्गांनी नाही, कारण ते प्रणाली सुरू झाल्यावरच चालतात. दोन्ही प्रणालींत तोच आयपी पत्ता स्वतंत्रपणे भरावा लागतो. घड्याळ साडेपाच तासांनी चुकलेले आढळल्यास, विंडोज यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेचे आणि लिनक्स ते यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे) मानते हे त्याचे कारण असते. लिनक्सला स्थानिक वेळ मानण्याची आज्ञा दिली की हा फरक मिटतो.